अर्थिंगच्या खड्ड्यासाठी पाच महिने

अर्थिंगचा, म्हणजे गळणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीचा, खड्डा घेऊ द्यावा म्हणून मी आमच्या सोसायटीला पहिला अर्ज दिला तो जुलै २०२३ मध्ये, आणि खड्डा खणला गेला तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात. काम दीड दिवसाचे होते. मधले पाच महिने कशात गेले हे आठवले की अजूनही माझे डोके तापते. घरातल्या एखाद्या खोलीत माइक, त्याचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप मांडून ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्यांच्या वाट्याला असेच काही येण्याची शक्यता असल्याने ते लिहून ठेवते आहे.

मी डोंबिवलीत राहते आणि दहा बाय दहाच्या एका खोलीत बोलपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करते. इमारत १९८० च्या दशकातली, तीन मजली, बिनलिफ्टची. भिंतींना गाद्या आणि जाड पडदे लावून आवाज घुमणे थांबवले, उपकरणे आणली, जोडली. त्यात सांगण्याजोगे काही नाही. अडचण पहिल्याच दिवशी कानावर आली. वाचताना मध्ये थांबले की हेडफोनमध्ये बारीक, एकसुरी घरघर ऐकू येई आणि चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर घेतला की ती नाहीशी होई. एका दुपारी अनवाणी उभी राहून वाचत असताना ओठ माइकच्या जाळीला टेकले आणि ओठाला चक्क मुंग्या आल्या.

तेव्हा मी जे केले ते कोणी करू नये. दुकानात जाऊन महागातला सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेच्या अचानक उसळीपासून उपकरणे वाचवणारा बोर्ड, घेऊन आले. त्यावर अर्थिंग ठीक असल्याचे दाखवणारा एक हिरवा दिवा होता, तो लागलाच नाही. दिवा बिघडला असेल असे समजून मी तो बदलून आणला. दुसऱ्याचाही लागला नाही. मग वायरमनला बोलावले. त्याने मल्टिमीटरची टोके प्लगच्या भोकांत घालून तीन आकडे मला वहीत लिहायला लावले: फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) यांच्यात २२८ व्होल्ट, फेज आणि अर्थ यांच्यात १३१, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ९७. अर्थिंग धड असेल तर शेवटचा आकडा एक-दोन व्होल्टच्या आसपास असायला हवा. माझ्या प्लगमधले अर्थचे भोक कशालाच जोडलेले नव्हते, नुसते अधांतरी होते. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोहोंपासून अर्थकडे जाणारे कपॅसिटर नावाचे छोटे भाग असतात. अर्थ तुटलेली असली की त्यांच्यामधून जवळजवळ निम्मा विद्युतदाब (व्होल्टेज) उपकरणाच्या धातूवर येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने धक्का बसत नाही, मुंग्या येतात, आणि तोच घरघर बनून मुद्रणात उतरतो. सर्ज प्रोटेक्टरही अशा ठिकाणी अर्धाच कामाचा राहतो, कारण उसळलेला दाब ज्या जमिनीकडे वळवायचा तिकडे जाणारी वाटच नसते.

हा वायरमन मनाने चांगला होता, पण त्याचा उपाय ऐकून मी घाबरले. "ताई, अर्थ न्यूट्रलला जोडून देतो, पाच मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. तसे केले असते तर हिरवा दिवा लागला असता आणि बहुधा घरघरही गेली असती. पण पुढेमागे न्यूट्रल कुठे तुटली असती तर माइकच्या जाळीपासून फ्रिजच्या दारापर्यंत सगळ्या धातूवर पूर्ण २३० व्होल्ट आले असते. घरघर घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला मला ध्वनिमुद्रणातल्या जाणत्या माणसांनीही दिला आहे. तोही तितकाच जीवघेणा आहे.

आम्ही खाली मीटर रूममध्ये गेलो. सगळ्या घरांच्या अर्थच्या तारा एका लोखंडी पट्टीला बांधलेल्या होत्या आणि ती पट्टी भिंतीलगत जमिनीत उतरत होती. वायरमनने तिची माती स्क्रूड्रायव्हरने उकरली, तर गंजलेली पट्टी जमिनीच्या पातळीलाच पापडासारखी तुटून त्याच्या हातात आली. म्हणजे अर्थिंग माझ्याच घराचे गेलेले नव्हते, बारा घरांपैकी एकालाही ते नव्हते. हे कळल्यावर माझे काम सोपे होईल, असे मला खरोखरच वाटले होते.

मी तुटलेल्या पट्टीच्या फोटोसह रीतसर अर्ज केला. सेक्रेटरींनी तो वाचून विचारले, "वीज कंपनीचं पत्र कुठे आहे?" मी वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयात गेले. तेथे दोन खिडक्या फिरल्यावर सांगण्यात आले, की मीटरच्या पुढची जोडणी ही ग्राहकाची जबाबदारी असून त्याबद्दल कार्यालय पत्र देत नाही. पत्र देत नाही, असे तरी लिहून द्या, अशी मी विनंती केली. तेही देत नाहीत, असे कळले. मी परत सोसायटीत आले, तेव्हा अधिक श्रावण लागला होता आणि अध्यक्षांच्या मते अधिक महिन्यात आवारात खणकाम करणे बरे नव्हते. तो संपला, निज श्रावणही गेला, मग गणपती आले, आणि कमिटीतले निम्मे लोक कोकणात गेले. ते परतेपर्यंत पितृपक्ष सुरू झाला. दरम्यानच्या एकमेव सभेत माझा अर्ज निघाला, तेव्हा एका सदस्यांनी मुद्दा काढला की मी घरात पैसे घेऊन ध्वनिमुद्रण करते, तो व्यावसायिक वापर ठरतो, तेव्हा खर्च माझा आणि परवानगीचाही वेगळा विचार व्हायला हवा. पट्टी माझ्या माइकमुळे गंजलेली नाही, असे मी म्हणाले. चर्चा पुढच्या सभेवर गेली.

खरी मेख जागेची होती, हे मला फार उशिरा उमगले. परवानाधारक विद्युत ठेकेदाराने पाहणी करून सांगितले होते, की इलेक्ट्रोड, म्हणजे जमिनीत पुरायचा धातूचा दांडा, इमारतीच्या भिंतीपासून निदान दीड मीटर दूर हवा. मीटर रूमपासून तेवढ्या अंतरावरची मोकळी जमीन एकच होती, आणि व्यावसायिक वापराचा मुद्दा काढणाऱ्या त्या सदस्यांची स्कूटर गेली पंधरा वर्षे तिथेच उभी राहत होती.

गाडे हलले ते दिवाळीत, आणि माझ्या अर्जामुळे नव्हे. अभ्यंगस्नानाच्या पहाटे दुसऱ्या मजल्यावरच्या खजिनदारांच्या सूनबाईंना गिझरच्या नळाला हात लावताच झटका बसला. त्या दिवशी संध्याकाळी खजिनदार स्वतः माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, तो तुमचा वायरमन कधी मोकळा असतो?" चार महिन्यांत न झालेला निर्णय दोन दिवसांत सभा घेऊन झाला. खर्च सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून मंजूर झाला. मला आनंद होण्याऐवजी राग आला, हे कबूल करते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की अर्जात 'स्टुडिओ' हा शब्दच लिहू नये. गिझर, वॉशिंग मशीन आणि पाण्याचा पंप यांची नावे लिहावीत. शक्य झाल्यास शेजारच्या दोन-तीन घरांतले न्यूट्रल-अर्थचे आकडे मोजून घेऊन अर्जाला जोडावेत. ते मी केले असते तर बहुधा गाडे ऑगस्टमध्येच हलले असते.

काम मात्र पाहण्यासारखे झाले. पूर्वी लोखंडी नळी पुरून तिच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देत आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत. आमच्याकडे तांब्याचा थर दिलेला तीन मीटर लांबीचा दांडा उभा उतरवून त्याभोवती ओल धरून ठेवणारी माती भरली. वर झाकणाचे चेंबर बांधले आणि तिथून नवी पट्टी मीटर रूमपर्यंत नेली. मोजणीत अर्थिंगचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) २.८ ओहम आला. पाचच्या आत हवा, असे ठेकेदाराने आधीच सांगितले होते. माझ्या प्लगमध्ये न्यूट्रल-अर्थ १.४ व्होल्ट दिसू लागले, हिरवा दिवा लागला, आणि घरघर गेली.

त्यानंतर घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला, तर तो चालू करताच आपोआप पडू लागला. एकेक प्लग उघडून पाहण्यात सगळी संध्याकाळ गेली. शेवटी, ज्याची अर्थची तार नव्या कामातच बाकीच्यांना जोडली गेली होती त्या फ्रिजच्या प्लगमागे अर्थ आणि न्यूट्रल यांना जोडणारा बोटभर तांब्याचा तुकडा सापडला. पाच मिनिटांचे ते काम कोणीतरी आमच्या आधीच करून ठेवले होते. जुन्या घरात आरसीसीबी पडत असेल तर तो काढून टाकण्याऐवजी असा तुकडा आधी शोधावा.

बाकीच्या गोष्टी आठवतील तशा सांगते. इंटरफेस, लॅपटॉप आणि स्पीकर हे सगळे एकाच प्लगवरच्या एकाच चांगल्या बोर्डावर घ्यावेत. वेगवेगळ्या भिंतींवरच्या प्लगांत विभागले तर अर्थच्या तारांचे बंद वेटोळे तयार होऊन, त्यात प्रवाह फिरून घरघर परत येते. एका एक्स्टेन्शनला दुसरे कधीही जोडू नये. एसी त्या लाइनवर नको, आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वाचनाच्या वेळी बंद असावा. यूपीएस घेताना बॅटरीवर शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, देणाराच घ्यावा. मी आधी स्वस्तातला घेतला होता, वीज गेली की स्पीकर भुणभुणू लागत. लॅपटॉप, इंटरफेस आणि लहान स्पीकर एवढ्यांना ६०० व्हीए क्षमतेचा पुरतो, कारण अध्याय जतन करून सगळे नीट बंद करण्याइतकी पाच-दहा मिनिटेच हवी असतात. स्पीकर सर्वांत शेवटी चालू करावेत आणि सर्वांत आधी बंद करावेत. कंडेन्सर माइकची केबल काढण्यापूर्वी त्याच केबलमधून माइकला वीज देणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा बंद करून मिनिटभर थांबावे.

विजा चमकू लागल्या की मी अजूनही सगळे प्लग उपसते, शिवाय ब्रॉडबँडची तारही काढते, कारण वीज त्या वाटेनेही आत येते आणि लोक नेमकी तीच विसरतात. पावसाळ्यात दमट हवेने माइक चुरचुरू लागला होता, तेव्हापासून तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते. निळे दाणे गुलाबी झाले की पुड्या बदलायच्या.

अर्थिंगचा रोध मी दर मे महिन्यात, पाऊस येण्याआधी मोजून घेते. त्या सदस्यांची स्कूटर आता चेंबरच्या झाकणावरच उभी असते, त्यामुळे आदल्या रात्री त्यांना फोन करून ती हलवण्याची विनंती करावी लागते. या वर्षी त्यांनी विचारले, की अर्ज दिला आहे का.