ताटाची डावी बाजू : सासूबाईंचं मीठ सांभाळताना

सासूबाईंच्या पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ भरून यायचा नाही. रात्री आडवं झालं की दम लागायचा, म्हणून पाठीशी उशा लावून त्या बसूनच डुलक्या काढायच्या. मिरजेला दाखवलं, टूडी एको झाला आणि हृदयाचं पंपिंग कमी झाल्याचं कळलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "औषधाचं मी बघतो, मीठ-पाण्याचं तुम्ही बघायचं. दिवसभरात मिळून मीठ एक छोटा चमचा, तोही सपाट. पाणी दीड लिटर."

मीठ का, हे त्यांनी नीट समजावलं. हृदय रक्त जोरात ढकलू शकलं नाही की मूत्रपिंडांना रक्त कमी पोचतं. मग ती मीठ आणि पाणी बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतात. तेच पाणी पायात उतरतं, फुप्फुसात साठतं. आपण जास्तीचं मीठ खाल्लं की लघवीच्या गोळीचं निम्मं काम तिथेच वाया जातं.

छोटा सपाट चमचा म्हणजे साधारण 5 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही यापेक्षा कमीच सांगते. मी रोज सकाळी त्यांच्या वाटणीचं मीठ एका डबीत काढून ठेवायला लागले. भाजी-आमटीपुरतं त्यात भागतही होतं. तरी सूज हटेना, तेव्हा त्यांच्या ताटाकडे नीट बघितलं. मीठ सगळं डाव्या बाजूला होतं. लोणचं, खर्डा, तळलेली सांडगी मिरची, पापड. पापडात मीठ असतंच, वर पापडखार, म्हणजे त्यातही सोडियमच. शिवाय चहाबरोबर खारी, चार वाजता मूठभर फरसाण. आणि दहीभातावर दरवेळी ठरलेलं, "फोड नको गं, नुसता खार घाल."

"अहो आई, खारातच तर सगळं मीठ उतरलेलं असतं."

"मग जेवायचं तरी कशाशी?"

हा प्रश्न अगदी खरा होता, आणि माझ्या मते म्हाताऱ्या माणसाच्या पथ्यात तोच सगळ्यात महत्त्वाचा. वयानुसार चव आणि वास दोन्ही मंदावतात, औषधांनी तोंड कडवट होतं. डावी बाजू रिकामी केली तसं त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. अर्धी भाकरी, दोन घास भात, की हात धुतला. असं चाललं तर अंगातलं पाणी उतरायच्या आधी मांसच झडायचं. म्हणून ठरवलं, डावी बाजू भरलेलीच ठेवायची, फक्त बिनमिठाची.

जवस आणि कारळं मंद आचेवर भाजून लसूण, सुकी मिरची आणि चिंचेचं बुटुक घालून खलबत्त्यात कुटायची, मीठ घालायचंच नाही. चिंचेचा आंबटपणा आणि लसणाचा झणका असला की जिभेला फार उणीव वाटत नाही. लिंबाच्या फोडी, ओल्या हळदीचे आणि आल्याचे काप लिंबात मुरवलेले, काकडीच्या कोशिंबिरीला जिऱ्या-हिंगाची फोडणी. ज्वारीच्या भाकरीत आमच्याकडे मीठ नसतंच. भाजी-आमटी सगळ्या घराची अळणी शिजते, ज्याचं त्यानं ताटात वरून घ्यायचं. मीठ वरून भुरभुरलं की जिभेला आधी तेच लागतं, त्यामुळे थोडक्यात भागतं. त्यांचं वेगळं पातेलं मी मुद्दाम ठेवलं नाही. या वयात चुलीवरून वेगळं काढलेलं मनाला लागतं. काही आठवड्यांत त्यांची जीभ रुळली आणि एका लग्नात त्या स्वतःच म्हणाल्या, "आमटी खारट झालीय."

येणारे-जाणारे मायेनं सल्ले द्यायचे, त्यातले काही मात्र धोक्याचे होते. सैंधव चालतं, असं निम्म्या नातेवाइकांनी सांगितलं. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच, रंग गुलाबी म्हणून सूट मिळत नाही. कमी सोडियमचं मीठ आणायला निघाले होते, तर डॉक्टरांनी अडवलं. त्यात पोटॅशियम असतं, आणि आईंच्या गोळ्यांपैकी एक पोटॅशियम अंगात राखणारी आहे. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात. याच कारणानं रोजचं शहाळंही बंद झालं. पोट जळजळलं की सोडा घ्यायची सवय होती, तोही सोडियमच. गुडघेदुखीची दुकानातून परस्पर आणलेली गोळीही बंद, त्यातल्या बऱ्याच गोळ्या अंगात पाणी साठवतात. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. 400 मिलिग्रॅम म्हणजे सुमारे 1 ग्रॅम मीठ, एवढं पाठ ठेवलं की खरेदी सोपी होते.

पाण्यासाठी दीड लिटरची बाटली सकाळी भरते. त्यांनी चहा, ताक, पातळ आमटी काहीही घेतलं की तेवढं पाणी बाटलीतून ओतून काढायचं. उरलेलं त्यांना डोळ्यांनी दिसतं, वाद होत नाही. तहान लागली की डाळिंबाचे दाणे किंवा वेलदोडा चघळायला देते.

वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, आणि आकडा लगेच वहीत. तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं तर भेटीच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा, असं सांगून ठेवलंय. गौरीच्या जेवणानंतर आकडा असाच चढला. सूज दिसायच्या आधी वहीनं सांगितलं, फोनवरच गोळी वाढवून मिळाली आणि दवाखान्यात ठेवायची वेळ आली नाही.

एकादशी मात्र त्यांना सोडायची नव्हती, आणि सोडा म्हणावं असं मलाही वाटलं नाही. वेफर्स आणि खारे दाणे गेले. आता वरीचा भात, घरी भाजलेले बिनमिठाचे दाणे, दही आणि भोपळ्याची भाजी, मीठ त्याच डबीतलं. उपासालाही गोळ्या वेळेवर घ्यायच्या, हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलंय. माझ्यापेक्षा त्यांचं ऐकतात.