गुंठ्याला गुंठा मिळत नाही

पुण्यात आमच्या कॉलनीची मागची भिंत लष्कराच्या जागेला लागून आहे. बंगले गेले, इमारती आल्या, पण हमरस्त्याला जोडणारी गल्ली होती तेवढीच राहिली. एका रात्री ॲम्ब्युलन्स आत वळेना, तेव्हा शेजारच्या आजींना खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून न्यावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी कागद गोळा करायला लागलो.

पहिली चूक आमचीच. 'गल्ली रुंद करायला रस्त्यासाठी पट्टी द्या, पालिका दुसरीकडे तेवढेच गुंठे देईल,' असा अर्ज आम्ही लष्कराकडे केला होता. लष्करी जमिनीच्या अदलाबदलीत हिशोब क्षेत्रफळाचा नसतो, किमतीचा असतो. पालिकेची जागा आतल्या बाजूला, तिचा दर कमी. मग उरलेल्या रकमेइतकं बांधकाम लष्कराला करून द्यायचं, असा मार्ग निघतो. शिवाय सोसायटी यात पक्षकारच नाही. प्रस्ताव पालिकेचा. स्थानिक लष्करी अधिकारी जागा पाहतात, लष्कराच्या जमिनी सांभाळणारं संरक्षण संपदा कार्यालय नोंदी तपासतं, मग दक्षिण कमांड आणि शेवटी दिल्लीत मंत्रालय. आम्ही सात-बारा घेऊन फिरत होतो, आणि त्यांची नोंद त्यांच्या स्वतःच्या लष्करी जमीन नोंदवहीत!

संयुक्त मोजणीचा दिवस विसरणार नाही. घाणेरीच्या झुडपात हद्दीचा दगड सापडेना. एका जवानाने कोयत्याने फांद्या तोडल्या, मी हाताने माती खरवडली, तेव्हा कुठे दगडावरचा आकडा दिसला. मोजणीदाराने फीत ताणली आणि आमच्या बागेचा कोपरा सहा फूट लष्कराच्या हद्दीत निघाला.

बैठकीत बरीच तणतण झाली. 'वीस वर्षं आपण झाडं वाढवली,' हे म्हणणं खोटं नव्हतं. तरीही मी अडून बसलो: जागा मागायला जायचं तर आधी त्यांची जागा मोकळी करू. कुंपण आम्हीच काढलं, फोटोंसह पत्र दिलं. पुढच्या भेटीत सुभेदार साहेबांनी पहिल्यांदा बसायला सांगितलं आणि खरी अडचण बोलून दाखवली: नव्या इमारतींच्या गच्चीवरून आतलं सगळं दिसतं. मग भिंतीची उंची, दिव्यांची दिशा, फाटकाची जागा यावर मुद्देसूद बोलणं झालं. ठरलेल्या गोष्टी पालिकेच्या अभियंत्यांनी नकाशात घेतल्या.

आता काम सुरू करायची परवानगी आली आहे, अदलाबदलीचा अंतिम आदेश यायचा आहे. नवी भिंत पूर्ण झाल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही, ही अट मी रोज संध्याकाळी कोणाला ना कोणाला समजावतो.