गगनबावड्यानं खाली, फोंड्यानं वर

कोल्हापुरात जुलैमध्ये घाटाकडं निघायचं तर हवामानाचा अंदाज नंतर, आधी पंचगंगेची पातळी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. हे आकडे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पाणी त्याच्या बरंच खाली आहे बघून आम्ही नवरा-बायकोनं गाडी काढली. गगनबावड्यानं कोकणात उतरायचं, फोंडा घाटानं वर यायचं.

शहरात नुसती भुरभुर होती. बालिंगा ओलांडलं, कळे आलं आणि वायपर बंद करायची सोय उरली नाही. कोल्हापूर ते गगनबावडा जेमतेम पंचावन्न किलोमीटर, पण शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस तिथं कैक पटींनी कोसळतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात, गार होतात आणि माथ्यावरच रिकामे होतात. आमच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. अर्थात बावड्यातलं पाणी कुंभीतून पंचगंगेला येतंच, त्यामुळं डोक्यावर नाही पडलं तरी दारात येतं.

या रस्त्याची खरी दुखणी म्हणजे मांडुकली, लोंघे, किरवे. कुंभी फुगली की रस्ताच बुडतो आणि बावड्याचा संपर्क तुटतो. चहाच्या टपरीवर चौकशी केली. "कालच पाणी उतारलंय, पर खड्डं दिसायचं न्हाईत. मधनंच चालवा," टपरीवाले मामा म्हणाले. मोबाइलचा नकाशा सगळं मोकळं दाखवत होता. या भागात मी नकाशापेक्षा टपरीवर जास्त विश्वास ठेवतो. दोन्ही बाजूंना रोपलावणीची घाई. बायका डोक्यावरून प्लॅस्टिकचे कागद घेऊन वाकलेल्या, एखाद्याच म्हाताऱ्या बाबांच्या अंगावर इरलं.

बावड्यातून खाली दोन वाटा फुटतात, करूळ आणि भुईबावडा. भुईबावडा देखणा, पण अरुंद. आम्ही करूळनं उतरलो. धुकं इतकं, की पुढच्या ट्रकचा फक्त लाल दिवा दिसत होता. डोंगराच्या कडेनं माती आणि दगडगोटे रस्त्यावर घरंगळून आलेले. अशा वळणावर गाड्या लावून, स्पीकर ठोकून नाचणारी मंडळी बघितली की डोकं फिरतं. वर दरड लोंबकळत असते, आणि खाली हे!

गलका मागे पडल्यावर काच खाली केली, तर दरीतून शीळ आली. कोणी पोरगं वाजवतंय असं वाटावं. तो होता शीळकरी कस्तूर पक्षी. पावसाळा म्हणजे याच्या गाण्याचे दिवस. वाघ-बिबट्याच्या आशेनं येणाऱ्यांना हे जंगल रिकामं वाटतं, पण पावसात इथं खाली बघायचं असतं. रस्ताभर खेकडे. ओल्या फांदीवर मलबार चापडा वेटोळं करून बसतो. हा विषारी साप हिरवा, पिवळा, तपकिरी अशा कुठल्याही रंगात भेटतो, म्हणून झुडपात हात घालायचा नाही.

वैभववाडी, तळेरे, नांदगाव हा टप्पा जेवणात आणि उकाड्यात गेला.

फोंडा घाट चढून दाजीपूरला आलो आणि पुन्हा गारठा. हे राज्यातलं पहिलं अभयारण्य, १९५८ चं, खास गव्यांसाठी राखलेलं. आता राधानगरी अभयारण्य म्हणून ते ३५१ चौरस किलोमीटरवर पसरलंय आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. पावसाळ्यात आतली सफारी बंद असते. पण गव्याला कुठं माहीत सफारी बंद आहे! एका वळणावर पुढची एसटी थांबलेली. बाजूनं काढावी म्हणून मी गाडी उजवीकडं घेतली, तर ड्रायव्हरनं खिडकीतून हात हलवून थांबवलं. एसटीच्या पुढं भलामोठा नर रस्त्यात आडवा, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, अंगातून वाफ निघतेय. मागं झाडीत कळप असणार.

"हॉर्न नको, लाईट पण बारीक करा," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"किती वेळ थांबायचं?"

"त्येचा रस्ता हाय. त्यो गेला की आपण."

पुढं राधानगरी धरणाचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडलेले होते. पाण्याचा दाब वाढला की ते आपोआप उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत, म्हणजे पुढं पंचगंगेतच येतं. बायकोनं लगेच कोल्हापूरजवळच्या शिंगणापूरच्या आत्यांना फोन लावला आणि नदीकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी वर काढून घ्यायला सांगितलं.