आमची वाटचाल: साडेसहाची होडी

मालवणजवळ देवबागला गाडी लावलीत की काचेवर टकटक करून होडीच्या फेरीचा रेट सांगणारा जो माणूस येतो तो आमचा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण दर मे महिन्यात चार-पाच फॅमिली येऊन म्हणतात, अहो तुमचाच माणूस माणशी पन्नास कमी करतो म्हणाला. पार्किंगमध्ये आमचा माणूस कधी उभा नव्हता आणि राहणारही नाही. आमची होडी सकाळी साडेसहाला सुटते, ज्याला यायचंय त्याने सहाला किनाऱ्यावर यायचं, घरी चहा मिळतो.

सुरुवात २००७ ची, गणपतीनंतरची. सेकंडहँड फायबर होडी, बावीस फुटी, आणि जुनं यामाहा इंजिन. निम्मे पैसे माझे आणि निम्मे मामांचे. मामा म्हणजे सख्खे नव्हेत, आईच्या वाडीतले, पण सख्ख्यापेक्षा जास्त. उभा जन्म रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, गेलेला. कागद कसलाच केला नाही, नारळ वाढवला आणि धंदा चालू. तेव्हा तारकर्लीला लोक यायला लागले होते पण देवबागपर्यंत कमी यायचे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे ही चिंचोळी पट्टी, बाहेरच्यांना वाटायचं रस्ता संपला. आम्ही नदी-समुद्राचा संगम, डॉल्फिन, भोगवे, निवतीच्या खडकांपर्यंत अशी फेरी करायचो. सुनामी बेट तर ओहोटीला समोरच दिसायचं, २००४ च्या सुनामीनंतर ते वर आलं असं इथे सगळेच सांगतात.

ज्यांचा हा धंदा आहे त्यांना माहितीये की संगमाचं तोंड दर पावसाळ्यात जागा बदलतं. गेल्या मे महिन्यात जिथून होडी बिनधास्त काढली तिथे दिवाळीला गुडघाभर पाणी असू शकतं. मामा दरवर्षी सीझनच्या आधी दोन दिवस पूर्ण ओहोटीला होडी वल्ह्यावर न्यायचे आणि बांबूची काठी घालून घालून तळ बघायचे. काठीवर हाताच्या मापाने खुणा केलेल्या. कुठे रेती, कुठे चिखल, ते काठी वर काढल्यावर टोकाला हात लावून सांगायचे. ती काठी अजून आमच्या पडवीत आहे, खुणा पुसट झाल्यात म्हणून मी चाकूने परत कोरल्या. फोनवर भरती-ओहोटीचं टायमिंग दिसतं, मीपण बघतो, पण खाली रेती कुठे सरकली हे फोन सांगत नाही.

दुसरी गोष्ट इंजिन. खाऱ्या पाण्यातून आलं की इंजिनाचं खालचं टोक गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून दहा मिनिटं चालवायचंच. मागून पाण्याची धार पडते ना, ती बघायची. धार बारीक झाली की समजायचं इम्पेलर, म्हणजे आतला पाणी खेचणारा पंखा, गेला किंवा वाट खाऱ्याने चोंदलीय. नवीन पोरं हे करत नाहीत, सीझनला दिवसाला सहा फेऱ्या मारतात आणि मग भर मेमध्ये इंजिन गरम होऊन समुद्रात उभे. एक्स्ट्रा प्लग, पाना आणि दोरी प्लास्टिकच्या डब्यात असलीच पाहिजे आणि तो डबा होडीतच पाहिजे, घरी नाही.

आता इचलकरंजीच्या सरांबद्दल लिहितो, कारण त्यांच्याशिवाय ही वाटचाल पूर्णच होत नाही. २००९ च्या एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर पहिल्यांदा आले, मिसेस आणि दोन मुलं. स्नॉर्कलिंगसाठी मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला न्यायचं ठरलं होतं. धाकटी मुलगी सातेक वर्षांची, मास्क घालून पाण्यात तोंड घालायलाच तयार नाही, रडून गोंधळ. सर म्हणाले जाऊ दे, कॅन्सल करू. मामांनी घरातून बालदी आणली, पाण्याने भरली, तळाला एक शिंपला टाकला आणि तिला म्हणाले, "ह्यात बघ गो, काय दिसता ता माका सांग." तिने घाबरत घाबरत तोंड घातलं. बाहेर काढून म्हणाली, रेघा आहेत. मामा म्हणाले, "किती आसत?" परत तोंड घातलं. अशा पाच-सहा वेळा रेघा मोजून झाल्या आणि मग ती पोरगी किल्ल्यापाशी सगळ्यांच्या आधी पाण्यात. तेव्हापासून पाणी बघून भिणाऱ्या प्रत्येक मुलासाठी आमच्याकडे बालदी असते. सर त्यानंतर दर एप्रिलला आले, एकही वर्ष चुकलं नाही, २०२० येईपर्यंत.

मधली वर्षं चांगली गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, होडी चालत होती, वरच्या दोन खोल्या बांधल्या, बायकोने न्याहारी आणि जेवण सुरू केलं, घावणे-चटणी खायला म्हणून लोक परत यायला लागले.

२०१३ ला एक मुलगा आमच्याकडे लागला. नाव लिहीत नाही, गावात सगळ्यांना माहितीये. हुशार होता, हात चालायचा. तीन वर्षं आमच्या होडीवर, आमच्या घरी जेवला, मामांनी त्याला काठी धरायला शिकवली. २०१६ च्या ऑक्टोबरला येईनासा झाला आणि पंधरा दिवसांत त्याची स्वतःची नवीकोरी होडी पाण्यात. त्याने स्वतःची होडी घेतली याचं वाईट नाही वाटलं, प्रत्येकाला पुढे जायचं असतं. पण आमच्या बुकिंगच्या वहीतले नंबर त्याने फोनमध्ये उतरवून नेले होते. दिवाळीत जुन्या गिऱ्हाइकांना फोन गेले, की आम्हीच ते, आता नवीन होडी घेतलीय, रेट कमी केलाय. आम्हीच ते! हे मला सरांनी सांगितलं, त्यांनाही फोन आला होता, त्यांनी त्याला विचारलं मामा कुठे आहेत, फोनवर दे. फोन कट.

त्या सीझनला आमची निम्मी माणसं गेली. आणि ती परत का आली नाहीत तर तो दुपारी चारलाही न्यायचा. उन्हाळ्यात सकाळी समुद्र तेलासारखा असतो, अकरा-बारानंतर वारा चढतो, दुपारी ओहोटी असली की संगमाच्या तोंडावर नदीचं उतरतं पाणी आणि समोरून लाट अशी टक्कर होते. त्या वेळी दहाच्या होडीत चौदा माणसं आणि मांडीवर पोरं घेऊन जायचं हे माझ्या हातून होणार नाही. मेरीटाइम बोर्डाने होडीवर किती माणसं ते लिहायला लावलंय ते शोभेला नाही. पर्यटक उशिरा उठतो, त्याला चारलाच जायचं असतं, मी नाही म्हणतो आणि बाजूचा हो म्हणतो. मग पर्यटक मलाच म्हणणार, तुम्हाला धंदा करायचा नाही का. हे वाक्य मी नऊ वर्षं ऐकतोय.

डॉल्फिनचंही तेच. दिसला की इंजिन बंद करून थांबायचं, तो आपणहून जवळ येतो. हे लोक पाच-पाच होड्यांनी त्याला घेरून पाठलाग करतात, रील मिळावी म्हणून. कायद्याने तो वाघाइतकाच संरक्षित आहे, आणि कायदा नसता तरी सकाळी पोरं घेऊन पोटापाण्यासाठी किनाऱ्याशी आलेल्या जनावरामागे इंजिन लावायचं नसतं.

मग २०२०. मार्चअखेर लॉकडाऊन, अख्खा सीझन गेला. २०२१ ला वाटलं निघेल, एप्रिलमध्ये परत सगळं बंद. आणि १६ मे, रविवार, तौक्ते वादळ. होडी आम्ही आदल्या दिवशीच वर ओढून दोन माडांना बांधली होती, इंजिन घरात आणलं होतं. बांधलेले दोर सुटले नाहीत, तिसराच माड मुळासकट उपटून होडीवर आडवा पडला. सकाळी गेलो तर डावी बाजू काठापासून खाली पाण्याच्या रेषेपर्यंत फाटलेली, आत पावसाचं पाणी आणि झावळ्या. मामा किती वेळ नुसते बघत उभे होते. मग म्हणाले, "इंजिन वाचला ना? मग झाला." आणि कोयती घेऊन झावळ्या तोडायला लागले. लाइट कितीतरी दिवस नव्हती. बँकेचा हप्ता थांबलेला, वरच्या खोल्यांची कौलं उडालेली, मी खरंच होडी विकायला काढली होती. फुटकी होडी कोण घेणार, पण इंजिनाला गिऱ्हाईक आलं होतं. कोण आलं होतं ते सांगायला नको, माणूस पाठवला होता, स्वतः आला नाही.

त्याच आठवड्यात रेंज आली तेव्हा सरांचा मेसेज दिसला. पंधरा हजार खात्यात टाकलेत, पुढच्या तीन वर्षांचं बुकिंग समजा. त्यांची खाजगी क्लासेसची नोकरी, तेही बंदच होते त्या वर्षी. मी फोन केला तर म्हणाले पैशाचं बोलायचं नाही, मामांना द्या फोन.

त्या पैशात फायबर चिकटवायचं रेझिन, ते कडक करणारा हार्डनर आणि काचतंतूंची मॅट आणली. पण पावसात फायबरचं काम करू नये हा सल्ला कोणालाही देतो, हवेत ओल असली की रेझिन नीट पकडत नाही, वरून कडक वाटतं आणि आत चिकट राहतं. ऑक्टोबरचं ऊन पडेपर्यंत थांबलो. कडा घासून उतरत्या केल्या, ॲसिटोनने पुसलं, आतून-बाहेरून मॅटचे पाच थर, प्रत्येक थराला ब्रशने ठोकून ठोकून बुडबुडे काढले. एक बुडबुडा राहिला तरी तिथून पाणी शिरतं. होडी निळी आहे, ठिगळ पांढरं, जेलकोटचा, म्हणजे वरच्या रंगीत थराचा, तेवढाच डबा मिळाला. नंतर रंग मारता आला असता. मारला नाही.

तर पार्किंगमध्ये आता काय सांगतात, ती पांढऱ्या ठिगळाची होडी घेऊ नका, फुटलेली आहे, चिकटवलीय. चार सीझन त्या ठिगळाने माणसं नेली आणि आणली, आत थेंब नाही. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये निवतीच्या बाहेर आमच्याकडून गेलेल्या त्या पोराची होडी बंद पडून डोलत होती, आत माणसं भरलेली, उलट्या चाललेल्या. मी जवळ घेतली. प्लग गेला होता आणि दुसरा जवळ नव्हता. डब्यातला प्लग दिला, पानाही दिला. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. प्लग अजून परत आलेला नाही.

मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता होडीवर येत नाहीत. पण सहाला किनाऱ्यावर येऊन पाणी बघतात आणि हात वर केला तरच मी होडी काढतो. त्यामुळे बुकिंग करून आलेल्यांनी एखाद्या दिवशी नाही म्हटलं तर रागावू नका, पैसे तिथल्या तिथे परत मिळतात.

उन्हाळ्यात येणार असाल तर एप्रिल बघा, मे अखेरची गर्दी टाळा, २५ मेनंतर जलपर्यटन तसंही बंद होतं ते थेट सप्टेंबरपर्यंत. जीन्स घालून होडीत बसू नका, भिजली की दोन किलोची होते. स्नॉर्कलिंगला प्रवाळावर उभं राहू नका, तो दगड नाही, जिवंत आहे. मुलांना मोठ्यांचं लाइफ जॅकेट घालू देऊ नका, पाण्यात पडलं की ते डोक्यावरून वर निघून जातं, खालचा पट्टा पायांमधून बांधलेला पाहिजे. आमच्याकडे मुलांच्या मापाची सहा आहेत. सातवं मूल असेल तर दुसऱ्या फेरीला, आठ वाजता.