आधी बाजूने बघावं

रविवारी दुपारी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. तेवढ्यात आठवीतली लेक वाढदिवसाला मिळालेला सूक्ष्मदर्शक घेऊन ओट्याशी आली आणि तिने माझ्या हातातल्या फोडीच्या खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्याने अलगद सोलून घेतला. पाण्याचा थेंब, आयोडीनचा थेंब, वरून तिरकी टेकवत सोडलेली कव्हरस्लिपची पातळ काच, सगळे रीतसर झाले. लो पॉवरला, म्हणजे कमी मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली, विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसताच तिने उत्साहाने भिंगे बसवलेला फिरता नोजपीस फिरवला, खट् असा आवाज झाला आणि ती म्हणाली, "आई, गेलं सगळं!"

हे 'गेलं सगळं' माझ्या फार ओळखीचे आहे. दहापट मोठे दाखवणाऱ्या लो पॉवरच्या वस्तुभिंगातून जेमतेम पावणेदोन मिलिमीटरचे वर्तुळ दिसते. चाळीसपटीचे, म्हणजे हाय पॉवरचे, भिंग लावले की त्याचा व्यास पाव होतो, म्हणजे क्षेत्र उरते सोळावा हिस्सा, आणि उजेडही तसाच आटतो. म्हणून जी पेशी पाहायची, ती लो पॉवरलाच बरोबर मध्यावर आणून ठेवावी लागते. त्यातही प्रतिमा उलटी असल्यामुळे स्लाइड डावीकडे सरकवली की पेशी उजवीकडे पळते, आणि हा उलटा हिशेब बोटांना कळेपर्यंत महाविद्यालयातले माझे पहिले वर्ष संपत आले होते.

तिथे मी एकदा हाय पॉवरला एक सुरेख पेशी शोधली होती. ती अगदी गोल होती, तिची कडा जाड आणि काळीभोर होती, आत मात्र काहीच नव्हते. अर्धा तास खपून, पेन्सिलीला तीनदा टोक काढून, मी ती जर्नलमध्ये उतरवली, उजव्या बाजूला रेघा ओढून नावेही दिली. मॅडमनी चित्राकडे आणि मग माझ्याकडे पाहून शांतपणे सांगितले, की हा हवेचा बुडबुडा आहे. लो पॉवरला तिथे तसे चाळीस बुडबुडे होते, पण ते पाहायला मी थांबलेच नव्हते.

सतराव्या शतकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लेव्हनहूकला हा त्रास नव्हता. त्या कापडव्यापाऱ्याच्या सूक्ष्मदर्शकात एकच इवलेसे भिंग असे, शक्ती बदलण्याची सोयच नव्हती. त्याने असे शेकडो सूक्ष्मदर्शक हाताने घडवले आणि काहींच्या टोकाला पाहायची वस्तू कायमची चिकटवून ठेवली. मला या व्यवस्थेचा हेवा वाटतो, कारण खट् झाल्यानंतरचा तो धूसर क्षण मला आजही नकोसा होतो.

त्याला कारणही आहे. सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद पाहत होते. हाय पॉवरला काही दिसेना म्हणून घाईने हात मोठ्या स्क्रूवर गेला. त्या भिंगाचे टोक काचेपासून मिलिमीटरभरही दूर नसते, तिथे फक्त बारीक स्क्रूच फिरवायचा असतो, हे तोंडपाठ होते. कच्कन आवाज आला. प्रयोगशाळेतले मामा आले, त्यांनी आधी भिंग उचलून त्याला ओरखडा नाही ना ते उजेडाकडे धरून पाहिले, स्लाइड पुसली आणि म्हणाले, "ताई, खाली आणताना आधी बाजूने बघावं, मग डोळा लावावा." ब्रेकेजच्या वहीत त्यांनी नोंद केली नाही.

पुढच्या वर्षी तीच स्लाइड पुन्हा माझ्या वाट्याला आली. लो पॉवरला तो तडा वाहिनीपुंजांमधून, म्हणजे पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्यांच्या जुड्यांमधून, एखाद्या नदीसारखा वाहत गेलेला दिसला. हाय पॉवरला नेताना मी मान वाकवून बाजूने पाहिले, एक पुंज मध्यावर घेतला, खट् केले, आणि तडा वर्तुळाबाहेर राहिला. आत खोड जसेच्या तसे होते.

लेकीलाही तसेच बाजूने बघायला लावले. आरसा खिडकीकडे वळवून, बारीक स्क्रू केसभर फिरवून तिने अखेर एक पेशी पकडली आणि तिच्या कडेला सरकलेले पिवळसर केंद्रकही पाहिले. बराच वेळ डोळा न काढता ती म्हणाली, "पण आता हा कांदा वाटतच नाही."

खरे होते ते. मी उरलेला कांदा फोडणीत टाकला.