‘किडन्या दोन्ही आहेत ना?’

मला एकच किडनी आहे हे मला बाराव्या वर्षापासून ठाऊक आहे. कसल्याशा पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली आणि डावी किडनी दिसलीच नाही. ‘एका किडनीवर माणूस आरामात जगतो,’ डॉक्टर म्हणाले. ते खरंच आहे, त्यामुळे विषय तिथेच मिटला. तिच्या शेजारी काय आहे, काय नाही, हे कुणी पाहिलं नाही.

लग्नानंतर दिवस राहिले आणि नवव्या आठवड्यात गर्भ पडला. पुढे वर्षभर काहीच नाही, म्हणून एचएसजी करायला सांगितलं. पिशवीत औषध सोडून एक्स-रे काढतात ती तपासणी. ‘थोडं अवघडल्यासारखं होईल’ एवढंच आधी सांगतात. मला चांगलंच दुखलं. रिपोर्टात लिहिलं होतं: डावी ट्यूब बंद. ती उघडायला दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली. घरी येऊन ती फिल्म खिडकीशी धरली. पिशवीची पोकळी त्रिकोणी असते असं वाचलं होतं. माझ्या फिल्मवर एक बारकं केळं दिसत होतं, उजवीकडे कललेलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ते केळं डोक्यातून जाईना. म्हणून दुसरीकडे दाखवायचं ठरवलं.

तिथे थ्रीडी सोनोग्राफी झाली. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग स्क्रीनवरची नजर न काढताच त्यांनी विचारलं, ‘तुमच्या किडन्या दोन्ही आहेत ना?’

‘नाही. डावी नाहीये.’

‘मग डावी ट्यूब बंद नाही हो. ती बाजूच घडलेली नाही.’

त्यांनी कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. मुलगी आईच्या पोटात असताना तिचं गर्भाशय दोन नळ्यांपासून बनतं. त्या मध्ये येऊन जुळतात, मधला पडदा विरतो आणि एक पिशवी होते. नीट जुळल्या नाहीत तर दोन शिंगांची पिशवी, पडदा विरला नाही तर पडद्याची, आणि एक नळी वाढलीच नाही तर माझ्यासारखी, एकशृंगी. किडन्या त्याच सुमाराला, त्यांच्या शेजारीच घडतात. त्यामुळे एकशृंगी असलेल्या साधारण ४० टक्के बायकांच्या किडनीतही काहीतरी वेगळं सापडतं, बहुतेकदा त्याच बाजूला. बीजकोश मात्र वेगळ्या मुळापासून येतात, म्हणून माझे दोन्ही शाबूत. डावीकडचं बीज कधीकधी उजवी ट्यूबही उचलते म्हणे. हे ऐकून मला उगाचच आनंद झाला.

एमआरआयमध्ये डाव्या बाजूला एक छोटा कोंब दिसला, आतून भरीव. ही चांगली बातमी होती. तो पोकळ असता आणि आत अस्तर असतं, तर त्यात गर्भ रुजून तो फुटण्याचा धोका, म्हणून आधी काढावा लागला असता. ‘मग आहे ती पिशवी मोठी करता येईल का?’ मी विचारलं. नाही. पडदा असला तर निदान कापण्याची चर्चा तरी होते, आणि तो कापल्याने मुलं होण्याचं प्रमाण वाढलं नाही असं २०२१च्या एका चाचणीत दिसलंय. माझ्यात कापण्यासारखंही काही नव्हतं. आधीची शस्त्रक्रिया रद्द केली.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा सहाव्या आठवड्यातच सोनोग्राफी, गर्भ बरोबर जागी आहे ना हे पाहायला. होता. सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी गर्भाशयमुखाची लांबी मोजायला जायचं. लघवी करून यायचं, आतून तपासणी, स्क्रीनवर दोन फुल्या आणि त्यांच्यामध्ये ठिपक्यांची रेघ. त्या रेघेशेजारचा आकडा मी मान वाकडी करून वाचायला शिकले: ३४, ३१, २९. बाविसाव्या आठवड्यात आकडा आला २३ मिलिमीटर. २५ च्या खाली म्हणजे मुख आखूड. टाका घालायचा का यावर बरंच बोलणं झालं. शेवटी आधी रोज रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी योनिमार्गात ठेवून पाहायचं ठरलं. पुढच्या खेपेला २४. एक मिलिमीटर मोजणाऱ्याच्या हाताचाही असू शकतो, हे माहीत असूनही मी गाडीत बसून रडले.

बाकी गोष्टी रोजच्या होऊन गेल्या. एकच किडनी, म्हणून घरी बीपीचं मशीन आणि प्रत्येक भेटीत लघवीची तपासणी. बाळाची वाढ पाहायला दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी. पोट स्पष्टपणे उजवीकडे झुकलेलं; आई म्हणायची, ‘अगं, सरळ उभी राहा ना,’ आणि मी सरळच उभी असायचे. बाळ कायम पायाळू. फिरायला जागाच नव्हती.

एकतिसाव्या आठवड्यात पोट वारंवार कडक व्हायला लागलं. दाखल केलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी २४ तासांच्या अंतराने दोन इंजेक्शनं दिली. कळा थांबल्या. घरी जाऊन मी कॅलेंडरवर एकेक दिवस काट मारत राहिले. चांगली सवय नव्हती, पण सुटली नाही.

पस्तिसावा आठवडा पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते. रात्री पाणी गेलं. सिझर. मुलगी, २१०० ग्रॅम. पोटात बसायची तशीच ती बाहेरही राहिली, दोन्ही पाय सरळ वर, पावलं कानांशी. खाली धरले की पुन्हा वर. आठवडाभर कुंची घालताना आधी पाय शोधायला लागायचे.

पायाळू बाळांच्या खुब्यांची सोनोग्राफी करतात, म्हणून दीड महिन्याची झाल्यावर तिला नेलं. खुबे नीट होते. मॅडम प्रोब पुसायला निघाल्या तेव्हा मी म्हटलं, ‘जरा वर, किडन्यांवरही फिरवाल का?’

‘विसाव्या आठवड्यातच पाहिल्यात की. रिपोर्टात आहे.’

‘तरी.’

त्यांनी पुन्हा जेल घेतलं, तिला कुशीवर वळवलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. ‘ही उजवी,’ त्या म्हणाल्या, ‘आणि थांबा, पाय हलवू देऊ नका... ही डावी.’