शेल्फ पडलं आणि मग कळलं भिंत कसली आहे ते

पुस्तकांचं शेल्फ खाली आलं तेव्हा घरात सगळे झोपलेले, आवाज असा की आधी वाटलं शेजारी काहीतरी कोसळलं. जाऊन बघते तर स्क्रू सरळच्या सरळ, प्लास्टिकची गिट्टीपण शाबूत, दोघं जोडीनं बाहेर आलेले आणि भिंतीत मोठा खड्डा, त्यातून पांढुरकी भुकटी गळतेय. नवरा म्हणाला, तरी सांगत होतो जाड स्क्रू घे. पण स्क्रूला झालंच काय होतं?

गंमत म्हणजे तीच ८ मिमीची गिट्टी आणि तोच स्क्रू दुसऱ्या खोलीत जड आरसा तीन वर्षं धरून आहे. मग पाकीट शोधून वाचलं. मोठ्या अक्षरात किती किलो, आणि खाली डोळे बारीक करून वाचावं लागेल अशा अक्षरात 'काँक्रीटमध्ये'. माझी भिंत काँक्रीटची आहे का हे मी कधी बघितलंच नव्हतं.

ते कळतं ड्रिलच्या भुकटीवरून. वरचा साधारण एक-दीड सेंटीमीटर प्लास्टर असतो, तो धरायचा नाही, त्याच्या पुढे काय निघतं ते बघायचं. लाल निघाली तर वीट. राखाडी आणि बिट जागचं हलत नाही तर काँक्रीट, म्हणजे बहुतेक कॉलम नाहीतर बीम. बिट अचानक पोकळीत गेलं तर जिप्सम बोर्ड किंवा पोकळ ब्लॉक. आणि पांढुरकी, भुसभुशीत, साबणात खिळा जावा तसं बिट आत गेलं तर हलके ब्लॉक (सिमेंटचे, आतून बारीक छिद्रांचे, AAC म्हणतात ते). माझी ती पार्टिशनची भिंत हलक्या ब्लॉकची निघाली, आरशाची विटांची.

अजून एक गोष्ट माझ्या डोक्यात नव्हती, ती म्हणजे आरसा भिंतीला चिकटून लटकतो पण शेल्फ पुढे आलेलं असतं त्यामुळे वरचा स्क्रू नुसता खाली दबत नाही, तो बाहेर खेचला जातो. शेल्फ ३० सेंमी खोल आणि वरच्या स्क्रूपासून ब्रॅकेटचं खालचं टोक १५ सेंमीवर असं धरा. २० किलो पुस्तकं भिंत आणि पुढची कड यांच्या मधोमध असली तर वरच्या स्क्रूंवर मिळून जवळपास २० किलोचीच ओढ येते, सगळी पुढच्या कडेला सरकवली तर ४०. आणि मी पुढे ओळीनं शब्दकोश लावलेले! ब्रॅकेट जितका उंच तितकी ही ओढ कमी, म्हणून या वेळी उंच ब्रॅकेट घेतले.

आधी मला वाटलं होतं लोखंडी फास्टनरच मारूया, म्हणजे कटकटच नको. पण तो फुगून भोवती जोर लावतो, काँक्रीटला तो जोर झेपतो, हलका ब्लॉक तडकतो. बोर्डाच्या मागे उघडणारे टॉगल असतात ते पोकळ भिंतीसाठी, म्हणजे माझ्या उपयोगाचे नाहीत. शेवटी हलक्या ब्लॉकसाठीच्या लांब नायलॉनच्या गिट्ट्या घेतल्या, आणि स्क्रू गिट्टीची लांबी अधिक ब्रॅकेटची जाडी एवढा. आधीचा आखूड होता, गिट्टी अर्धीच फुगलेली असणार.

भोक पाडताना ड्रिलचा हॅमर (ठोके मारणारा मोड) बंद ठेवला, नाहीतर अशा ब्लॉकात भोक आपोआप मोठं होतं. बिटाला टेप लावून खोली ठरवली, भुकटी फुंकून काढली (डोळ्यांवर चष्मा लावून, पहिल्यांदा लावला नव्हता आणि दिवसभर डोळा चोळत बसले होते). जुन्या खड्ड्यात पुट्टी भरली आणि नवी भोकं तिथून चांगली दहा सेंमी लांब घेतली. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल मारायचं नाही, आतून वायर गेलेली असते.

पुस्तकं लगेच लावली नाहीत. ब्रॅकेटच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारून २० लिटरचा पाण्यानं भरलेला कॅन दोन दिवस ठेवला, ब्रॅकेट रेघेवरून हललेले नाहीत बघून मग एकेक पुस्तक चढवलं. शब्दकोश मात्र खालच्या कपाटातच आहेत.